अठ्ठेचाळीस प्रश्न आणि एक ताळेबंद: कंपनीची अंतर्गत उद्यमशीलता मोजणाऱ्या साधनांचं परीक्षण

दुसरी पिढी कारभारात आली, किंवा मोठ्या ग्राहकाने इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळेच भाग मागितले, की मध्यम कारखान्याच्या संचालक मंडळात एक मागणी हमखास पुढे येते: आपली माणसं नवं काही उभं करू शकतात का, आणि त्याने धंदा खरंच सुधारतो का, ते मोजून द्या. सल्लागार मग बहुतेक वेळा एक प्रश्नावली टेबलावर ठेवतात. तिचं नाव कॉर्पोरेट आंत्रप्रेन्युअरशिप असेसमेंट इन्स्ट्रुमेंट, बोलताना सीईएआय. जोडीला कोव्हिन आणि स्लेव्हिन यांची नऊ प्रश्नांची छोटी पट्टीही असते. हे परीक्षण या दोन साधनांचं आणि त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कामगिरीच्या आकड्यांचं आहे. डोळ्यासमोर आहेत त्या चाकण, भोसरी, वाळूज, अंबड-सातपूर पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या, शे-दोनशे ते पाचशे कोटी उलाढालीच्या कंपन्या.

मत आधीच सांगून टाकायचं तर, सीईएआय जरूर वापरा, पण कंपनीला एक गुण देण्यासाठी नव्हे. विभागाविभागांतला फरक पाहण्यासाठी वापरा. नऊ प्रश्नांची पट्टी एकट्या कंपनीला फारशी उपयोगी नाही, ती शेकडो कंपन्यांच्या अभ्यासासाठी आहे. आणि या दोन्हींच्या आधारे 'उद्यमशीलतेमुळे नफा किती वाढला' हे वर्षभरात सिद्ध करून देण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर तो नाकारा.

हातात काय पडतं

सीईएआयचं इथे घेतलेलं रूप हॉर्न्सबी, कुराट्को आणि झाहरा यांनी २००२ मध्ये मांडलं. त्यात ४८ विधानं आहेत आणि प्रत्येकासमोर 'अजिबात मान्य नाही'पासून 'पूर्ण मान्य'पर्यंत पाच पर्याय. १९ विधानं वरिष्ठांच्या पाठिंब्याबद्दल, १० कामातल्या मोकळीकीबद्दल, ६ बक्षीस आणि कौतुकाबद्दल, ६ वेळेच्या सवडीबद्दल, ७ नियम आणि चौकटींबद्दल. ती भरायची मधल्या फळीने, म्हणजे असिस्टंट मॅनेजर ते विभागप्रमुख या पातळीवरच्या लोकांनी. एकाला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. साठ जण असतील तर पंचवीस तासांचं काम झालं, आणि खरा खर्च हाच. विधानं शोधनिबंधात उघड छापलेली आहेत, त्यामुळे नुसत्या प्रश्नावलीसाठी मोठी फी मागितली जात असेल तर ती कशाची, हे विचारायला हवं.

कोव्हिन-स्लेव्हिन पट्टी १९८९ ची आहे आणि ती १६१ छोट्या उत्पादक कंपन्यांवर वापरली गेली. तीन प्रश्न नवतेचे, तीन पुढाकाराचे, तीन जोखमीचे. प्रत्येक प्रश्नात दोन टोकांची दोन विधानं आणि मध्ये सात घरं: एका टोकाला 'आम्ही चालत आलेला माल विकण्यावर भर देतो', दुसऱ्या टोकाला 'आम्ही संशोधनावर भर देतो', अशा धाटणीचं. ती कंपनीच्या प्रमुखाने भरायची. तीन बाजूंची ही मांडणी डॅनी मिलर यांच्या १९८३ च्या कामातून आली आणि प्रश्नांची मुळं त्याही मागे प्रदीप खांडवाला यांच्या १९७० च्या दशकातल्या कामापर्यंत जातात. हेच खांडवाला पुढे आयआयएम अहमदाबादचे संचालक झाले. म्हणजे 'हे सगळं परदेशी, आपल्याला लागू नाही' असं म्हणून ही पट्टी झटकून टाकणं बरोबर नाही. ती लागू होते; अडचण दुसरीकडे आहे.

ती अडचण अशी, की दोन साधनं दोन वेगळ्या गोष्टी मोजतात आणि अहवालात सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. सीईएआय जमिनीचा कस सांगते. पीक किती आलं, हे ती सांगत नाही. माणसांना पाठिंबा आहे, सवड आहे, मोकळीक आहे, एवढं कळतं. त्यातून नवा भाग, नवा ग्राहक किंवा नवी प्रक्रिया निघाली का, याचा एकही प्रश्न तिच्यात नाही. कोव्हिन-स्लेव्हिन पट्टी कंपनीचा कल सांगते, तोही एकाच माणसाच्या नजरेतून. पीक मोजायला तिसरी गोष्ट लागते: कंपनीची स्वतःची नोंदवही. त्याबद्दल पुढे.

भाषांतर: इथे सर्वाधिक वेळ घाला

इंग्रजी प्रत वरच्या व्यवस्थापकांना चालते. शॉप फ्लोअरवरून वर आलेले सिनियर सुपरवायझर, टूलरूमचे प्रमुख, देखभाल विभागातले लोक यांना मराठी प्रत द्यावी लागते, आणि नवतेच्या बऱ्याच कल्पना निघतात त्या नेमक्या या लोकांकडून.

जोखमीची विधानं बघा. शब्दकोश उघडून भाषांतर केलं तर 'धोका पत्करणारा माणूस' असं काहीतरी होतं. कारखान्यात 'धोका' हा शब्द कुठे दिसतो? विजेच्या पॅनेलवर, कवटी आणि दोन हाडांच्या चित्राशेजारी, लाल अक्षरांत. सुरक्षा सप्ताहात वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं की धोका पत्करायचा नाही. अशा माणसाला 'माझ्या विभागात धोका पत्करणाऱ्याला चांगलं मानतात' हे विधान दिलं, तर तो प्रामाणिकपणे 'अजिबात मान्य नाही'वर खूण करतो आणि विश्लेषक लिहितो की देखभाल विभाग जोखीम टाळणारा आहे. त्याच विभागात उत्तरेकडून आलेले अभियंते असतील तर आणखी पंचाईत, कारण हिंदीत धोका म्हणजे दगाफटका. 'जोखीम' हा शब्द थोडा बरा, पण स्टोअरमध्ये आणि हिशेबात जोखीम म्हणजे अंगावर येणारी जबाबदारी किंवा सांभाळायची रोकड. सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे शब्द सोडून अर्थ लिहायचा: 'यश येईलच याची खात्री नसलेलं काम हातात घेणाऱ्याला आमच्या विभागात मान मिळतो.'

'मीच माझा साहेब' या अर्थाचं विधानही असंच फसतं. इंग्रजीत ते स्वायत्ततेबद्दल आहे. मराठीत ते उद्धटपणाची कबुली वाटते. 'रोजच्या निर्णयांसाठी मला दर वेळी वर विचारावं लागत नाही' असं लिहिलं की लोक मोकळेपणाने उत्तर देतात. उलट, चुकीबद्दल कठोर टीका होते या अर्थाचं विधान मराठीत मूळ इंग्रजीपेक्षा चांगलं बसतं: 'चूक झाली की बोलणी बसतात.' त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

मराठी प्रतीचं पुन्हा इंग्रजी करून मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची रीत आहे. ती पाळा, पण तेवढ्याने भागत नाही, कारण 'धोका'चं उलट भाषांतर अगदी बरोबर 'रिस्क' असंच येतं आणि चूक लपून राहते. पाच-सहा सुपरवायझरांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या कामातलं एखादं उदाहरण द्या' असं विचारा. एका दुपारचं काम आहे आणि पुढची निम्मी गडबड तिथेच संपते.

भरून घेताना

एचआरच्या ईमेलवरून लिंक गेली की जवळजवळ सगळी उत्तरं चारवर येतात. साठ जणांच्या गटात विभाग, वय, शिक्षण, हुद्दा आणि रुजू झाल्याचं साल एवढं विचारलं तर कोणी काय लिहिलं हे पाच मिनिटांत ओळखता येतं, आणि लोकांना ते कळतं. विभाग, आणि नोकरीची वर्षं तीन ढोबळ गटांत, एवढंच विचारा. कागदावर भरून बंद पेटीत टाकू द्या. पेटी बाहेरच्या माणसाने उघडावी आणि सात जणांपेक्षा लहान विभागाचा आकडा स्वतंत्रपणे छापायचा नाही, असं आधीच लेखी द्या.

वेळही पाहून निवडा. काही विधानं 'गेल्या तीन महिन्यांत' अशी सुरू होतात. एप्रिलमध्ये प्रश्नावली दिली तर तीन महिने म्हणजे वर्षअखेरची डिस्पॅचची धावपळ, स्टॉक मोजणी आणि ऑडिट. वेळेची सवड तळाला गेलेली दिसणारच. दिवाळीनंतर लगेच दिली तर सणाआधीचा ओव्हरटाइम त्यात येतो. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टची सुरुवात हा काळ त्यातल्या त्यात बरा, आणि दुसरी फेरी पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात घ्यावी.

मग उलटी विधानं. वेळेच्या सहा विधानांत काहींना 'मान्य' म्हणणं म्हणजे सवड नाही म्हणणं. त्यांचे गुण सहातून वजा करून घ्यायचे असतात: चारचे दोन, पाचचा एक. हे विसरलं की त्या सहा विधानांचा क्रोनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या आसपास यायचा तो ०.२ वर येतो, कधी कधी उणेही होतो, आणि अहवालात 'भारतीय संदर्भात हा घटक टिकला नाही' असं वाक्य पडतं. असं वाक्य दिसलं की आधी एक्सेल शीट मागा. बहुतेक वेळा घटक टिकलेला असतो, वजाबाकी राहिलेली असते. ज्या प्रतीत सगळ्याच्या सगळ्या ४८ विधानांना एकच आकडा आहे ती बाजूला काढा, कारण सरळ आणि उलट विधानं दोन्ही 'मान्य' असू शकत नाहीत.

चौकटींची सात विधानं हा या साधनाचा सगळ्यांत कच्चा भाग. त्यात 'लेखी नियम खूप आहेत' आणि 'माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते मला स्पष्ट माहीत आहे' हे एकाच टोपलीत टाकलेलं आहे. पहिलं जाच असू शकतं, दुसरं तर चांगल्या कारभाराची खूण आहे. वाहन उद्योगात तर हा भाग जवळजवळ निरुपयोगी होतो. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यात कंट्रोल प्लॅनबाहेर, म्हणजे लेखी ठरलेल्या तपासणी-पद्धतीबाहेर, एक पाऊल टाकता येत नाही. प्रक्रिया, साचा, कच्चा माल किंवा जागा बदलायची तर ग्राहकाची पीपॅप मंजुरी, म्हणजे नमुने आणि कागदपत्रं तपासून दिलेली परवानगी, लागते. उत्पादन विभागाने 'मी नेहमी ठरलेल्या पद्धतीनेच काम करतो' यावर पाच दिले तर त्यात कंपनीच्या बंदिस्तपणाचा पुरावा काहीच नाही. ती ग्राहकाची अट आहे. या सातांचे दोन तुकडे करा, नियम वेगळे आणि स्पष्टता वेगळी, आणि उत्पादन विभागाची तुलना दुसऱ्या उत्पादन विभागाशीच करा, खरेदी किंवा डिझाइनशी नको.

विभागाची सरासरी काढण्याआधी आणखी एक तपासणी आहे आणि ती कोणी करत नाही. एका विभागातले लोक एकमेकांसारखं उत्तर देतात का? यासाठी आयसीसी नावाची दोन गुणोत्तरं काढतात. समजा, उत्तरांतल्या एकूण फरकापैकी १२ टक्के फरक विभागामुळे आहे, म्हणजे पहिला आयसीसी ०.१२. विभागात आठ जण असतील तर सरासरीची विश्वासार्हता, म्हणजे दुसरा आयसीसी, सुमारे ०.५२ येते, वीस जण असतील तर ०.७३. आठ जणांच्या विभागाचा ३.४ आणि दुसऱ्या आठ जणांच्या विभागाचा ३.६, यात पहिला दुसरा ठरवण्याइतका अर्थ नसतो. तरीही रंगीत तक्ता लावून एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा केलं जातं, आणि त्या लाल रंगावरून माणसांच्या बदल्या होतात. ०.५ पेक्षा कमी फरकावर कोणताही निर्णय घेऊ नये, असा साधा नियम ठेवला तर बरंच नुकसान टळेल.

बक्षिसाच्या सहा विधानांबद्दल थोडक्यात: पगार युनियनच्या कराराने ठरणाऱ्या कारखान्यात मधल्या फळीच्या हातात बक्षीस देण्यासारखं फार नसतं, त्यामुळे गुण कमीच येतात. पण पैशाशिवायही बरंच करता येतं. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा स्पर्धेत 'डेअर टू ट्राय' असा एक विभाग आहे, मनापासून केलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांसाठी. फसलेल्या कामाला व्यासपीठ मिळतं हे एकदा दिसलं की पाठिंब्याच्या विधानांची उत्तरंही बदलतात.

पीक मोजणारी वही

तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: मागच्या तीन वर्षांत सुरू झालेल्या उत्पादनांचा आजच्या विक्रीतला वाटा, नव्या ग्राहकांचा वाटा, आणि सुरू करून सोडून दिलेल्या प्रयत्नांची संख्या व त्यावरचा खर्च. तिसरी नोंद कोणी ठेवत नाही, आणि जोखमीचा खरा पुरावा तिथेच असतो. जिथे तीन वर्षांत एकही प्रयत्न फसलेला नाही, तिथे जोखीम घेतली गेलेली नाही.

पहिल्या नोंदीत सर्वाधिक फसवाफसवी होते, आणि तीही नकळत. ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या संगणकी नोंदींमधून, 'नवे पार्ट नंबर' काढले की यादी भली मोठी येते. ड्रॉइंगचं रिव्हिजन ए वरून बी झालं, भोकाचा टॉलरन्स बदलला, लेबल बदललं, तरी नवा नंबर पडतो. 'नवं' कशाला म्हणायचं हे आधी ठरवा: नवा साचा किंवा टूलिंग, नवी प्रक्रिया, नवा ग्राहक या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असतील तरच. हा नियम लावला की तीनशेची यादी पंधरा-वीसवर येते. पडताळणीसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला एचएसएन गोषवारा, म्हणजे मालाच्या कोडनुसार विक्री, उत्तम. पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना एप्रिल २०२१ पासून सहा अंकी कोड द्यावा लागतो. एखादी खरोखर वेगळी उत्पादनश्रेणी सुरू झाली असेल तर तिथे नवा कोड दिसतो. तो दिसला नाही म्हणजे नवं काहीच नाही असं मात्र नाही, कारण वाहनांचे बरेच सुटे भाग ८७०८ खालीच जातात.

किती सूचना आल्या, किती कायझेन (छोट्या छोट्या सुधारणा) झाले, हे या वहीत नको. ते चांगलं काम आहे, पण चालू प्रक्रियेतली बचत आणि नवा धंदा उभा करणं यांत अंतर आहे. दोन्ही एकत्र केले की कायझेनचा आकडा इतका मोठा असतो की बाकी सगळं त्यात बुडतं.

संशोधनाच्या खर्चावरही आंधळा विश्वास नको. आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधनाला २०१६-१७ पर्यंत २०० टक्के, २०१७-१८ पासून तीन वर्षं १५० टक्के आणि २०२०-२१ पासून १०० टक्के वजावट होती. सवलत मोठी होती तेव्हा बराच खर्च संशोधनाच्या नावावर टाकण्याकडे कल होता. २०१७ नंतर कंपनीचा संशोधन खर्च घसरलेला दिसला तर काम कमी झालं की फक्त खातं बदललं, हे खर्चाच्या पावत्या पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

कामगिरी: इथेच सगळं घसरतं

उदयोन्मुख अर्थव्यवस्थांवरच्या अनेक अभ्यासांत कामगिरी म्हणजे विक्रीतली वाढ आणि मालमत्तेवरचा परतावा. आपल्याकडच्या सुट्या भागांच्या धंद्यात हे दोन्ही आकडे दिशाभूल करतात.

विक्री घ्या. एका भागाची किंमत १०० रुपये, त्यात पोलाद ५५ रुपयांचं, बाकी ४५ रुपये मजुरी, वीज, इतर खर्च आणि नफा. पोलाद २० टक्क्यांनी महागलं. करारातल्या अटीप्रमाणे ग्राहक ११ रुपये वाढवून देतो. किंमत १११ झाली, विक्री ११ टक्के वाढली, आणि एकही जास्त नग गेला नाही. नफा आधी ८ रुपये होता, आताही ८ आहे. पण टक्केवारी ८ वरून ७.२ वर आली. त्याच वर्षी उद्यमशीलतेची मोजणी झालेली असेल तर अहवालात 'उद्यमशीलतेमुळे विक्री वाढली पण नफ्याचं प्रमाण घटलं' असा निष्कर्ष येतो, ज्याचा उद्यमशीलतेशी काडीचाही संबंध नाही. दुसरा प्रकार जॉबवर्कचा. माल ग्राहकाचा असताना फक्त मजुरीचं बिल होतं. ग्राहकाने 'आता माल तुम्हीच घ्या' म्हटलं की बिल एका महिन्यात दुप्पट होतं. म्हणून विक्री नको, विक्रीतून माल वजा करून उरणारी मूल्यवृद्धी घ्या. वरच्या उदाहरणात ती दोन्ही वेळा ४५ रुपयेच आहे, आणि तेच खरं चित्र आहे.

मालमत्तेवरच्या परताव्याचा दोष आणखी खोल आहे. दहा कोटींच्या निव्वळ मालमत्तेवर दोन कोटी नफा, परतावा २० टक्के. कंपनीने हिंमत करून पाच कोटींचं नवं मशीन घेतलं, ऑर्डर यायला दीड वर्ष आहे. परतावा १३.३ टक्क्यांवर आला. शेजारची कंपनी पंधरा वर्षांपूर्वीच्या, घसारा लागून लागून जवळजवळ शून्यावर आलेल्या मशीनवर काम करते. तिचा परतावा उत्तम दिसतो. म्हणजे मोजमाप असं निवडलं आहे की काहीही न करणाऱ्याला जास्त गुण. निव्वळऐवजी ढोबळ मालमत्ता धरली की हा दोष बराच कमी होतो. जमिनीचं पुनर्मूल्यांकन झालं असेल तर तेही बाहेर काढा.

कुटुंबाच्या कंपनीत आणखी थर असतात. शेड घरातल्या कोणाच्या नावावर, तिचं भाडं, जॉबवर्क भावाच्या फर्मला, संचालकांची बिनतारण कर्जं आणि त्यावरचं व्याज, संचालकांचं मानधन. कंपनी कायद्याच्या कलम १९७ मधली मानधनाची मर्यादा पब्लिक कंपन्यांना आहे, खासगी मर्यादित कंपन्यांना नाही, त्यामुळे नफा किती दाखवायचा हे बऱ्याच अंशी मानधनावर ठरतं. संबंधित पक्षांचे व्यवहार ताळेबंदाच्या टिपांमध्ये असतात. व्याज, घसारा, कर आणि संचालकांचं मानधन यांच्या आधीचा नफा काढला, की दोन कंपन्या शेजारी ठेवता येतात. स्पर्धकांचे ताळेबंद एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर प्रत्येक कंपनीमागे शंभर रुपये भरून पाहता येतात. तुलनेसाठी तेच खरं साहित्य. मोठ्या अभ्यासाला सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा कंपन्यांच्या आर्थिक आकड्यांचा संग्रह सोयीचा.

आणि वेळ. हा मुद्दा पटायला पिंपरीची गोष्ट पुरेशी आहे. टेल्को, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी, हिने डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आणली. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची प्रवासी मोटार बनवणं हे अंतर्गत उद्यमशीलतेचं याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात सापडणं कठीण. २००१ च्या मार्चअखेर कंपनीने सुमारे ५०० कोटींचा तोटा दाखवला. त्या महिन्यात कोणी नवता आणि नफा यांचा संबंध काढला असता तर तो ठसठशीत उणे आला असता. पुढची इंडिका व्ही२ चालली, कंपनी सावरली, आणि गाड्यांचा धंदा उभा राहिला. झाहरा आणि कोव्हिन यांनी १९९५ मध्ये अनेक वर्षांची माहिती घेऊन हेच दाखवलं होतं, की उद्यमशीलतेचा आर्थिक परिणाम काळाबरोबर वाढत जातो आणि प्रतिकूल बाजारात जास्त दिसतो. पहिली मोजणी आणि कामगिरीचा आकडा यांत किमान तीन वर्षांचं अंतर हवं. या तीन वर्षांत आपल्याकडे काय काय होऊ शकतं तेही पाहा: नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी, जुलै २०१७ ला जीएसटी, मार्च २०२० ला टाळेबंदी. म्हणून कंपनीची तुलना तिच्याच जुन्या आकड्यांशी न करता त्याच वर्षीच्या, त्याच धंद्यातल्या आठ-दहा कंपन्यांच्या मधल्या आकड्याशी करायची. धक्का सगळ्यांना सारखा बसलेला असतो, तो वजा होतो.

किती परिणाम अपेक्षावा

२००९ मध्ये राउख, विकलुंड, लंपकिन आणि फ्रेसे यांनी ५१ अभ्यास, १४,२५९ कंपन्या एकत्र करून पाहिल्या. उद्यमशील कल आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.२४२ आला आणि वेगवेगळ्या संस्कृतींत तो टिकला. आकडा चांगला आहे, पण त्याचा वर्ग करून बघा: कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के. उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांत ग्राहक, पोलाद, व्याजदर, सरकारी धोरण, नशीब सगळं आलं. एवढा सहसंबंध सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीवर पकडायला सुमारे १३० कंपन्या लागतात. एकट्या कंपनीच्या बारा महिन्यांच्या आकड्यांत तो दिसणं शक्य नाही, आणि दिसला तर तो योगायोग समजावा.

त्यातही 'जास्त म्हणजे चांगलं' असं नाही. चीनमधल्या कंपन्यांवर २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात संबंध उलट्या यू सारखा आला: एका मर्यादेपर्यंत कामगिरी वाढते, मग घसरते. जिथे बँक खेळतं भांडवल मोजून देते, बिलाचे पैसे नव्वद-शंभर दिवसांनी येतात आणि कुशल माणूस शेजारचा कारखाना पळवतो, तिथे एकाच वेळी चार नवी कामं काढणारी कंपनी रोकडीत अडकते, हे कोणत्याही एमआयडीसीत दिसेल. म्हणून कोव्हिन-स्लेव्हिन पट्टीवर सातपैकी सात मिळवणं हे ध्येय ठेवू नका. ही पट्टी मालक स्वतः भरतो आणि 'कामगिरी समाधानकारक आहे का' हेही त्यालाच विचारलं जातं, तेव्हा उत्साही मालक दोन्हीकडे सहा-सात लिहितो आणि सहसंबंध फुगतो. हार्मनची चाचणी (एकाच माणसाच्या उत्तरांमुळे आलेला फुगवटा शोधण्याची एक सांख्यिकी रीत) पास झाली म्हणून हा दोष गेला, असं अनेक प्रबंधांत लिहिलेलं असतं. ती चाचणी फार ढिली आहे. उद्यमशीलतेची उत्तरं माणसाकडून आणि कामगिरीचे आकडे लेखापरीक्षित ताळेबंदातून घ्यायचे, एवढंच खरं औषध.

कोणी काय घ्यावं

दीडशे माणसांपर्यंतचा कारखाना असेल तर ४८ प्रश्न नकोत. मालक रोज शॉपवर असतो, वही ठेवली तरी पुरे. मधली फळी पन्नासच्या वर असेल तर मराठी-इंग्रजी दोन प्रतींत सीईएआय घ्या, पाठिंबा, मोकळीक आणि सवड एवढे तीन घटक वाचा, बाकी दोन जपून. दुसऱ्या फेरीत तीच विधानं, तोच पंधरवडा, तीच पेटी. मधल्या काळात विभाग बदललेल्यांची संख्या लिहून ठेवा. एक तृतीयांश माणसं बदलली असतील तर दोन फेऱ्यांतला फरक माणसांचा आहे.

संशोधक विद्यार्थ्यांनी १५० कंपन्यांचं लक्ष्य ठेवावं, प्रत्येक कंपनीतून किमान दोन जण, प्रमुख एक आणि मधल्या फळीतला एक. चाकणमध्ये फोन करून प्रश्नावली भरून मिळत नाही. औद्योगिक संघटनेच्या मासिक बैठकीला जा, सकाळी दहाच्या आत कंपनीत पोहोचा, आणि सोबत एक पानाचा अहवाल परत द्यायचं कबूल करा: त्या कंपनीचे पाच आकडे, शेजारी बाकीच्यांची मधली किंमत. हे पान वेळेवर पोहोचलं तर तीन वर्षांनी कामगिरीचे आकडे मागायला गेल्यावर गेट उघडतं.